आधी कंडेन्सर रिकामा कर

आरे-वारे, रविवार

चि. मन्या यास अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. म्हणे मन्याने अण्णांचा रेडिओ उघडलाय, लॅमिंग्टन रोडवरून महागडे कंडेन्सर आणलेत आणि परवा असा झटका बसला की हातातली पकड भिंतीवर जाऊन आपटली. तिला तू "चिमटा बसला" म्हणालास. ताईला व्हॉल्व्हचा सेट कळत नाही, मला कळतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

प्लग काढला म्हणजे वीज गेली, असंच ना? गाढवा, फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट दबा धरून बसतात. १० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घे. एक टोक चॅसीला, दुसरं कंडेन्सरच्या प्लसला, क्लिपा प्लास्टिकच्या टोपीच्या. मग मीटर लाव. शून्य दिसल्याशिवाय बोट आत घालायचं नाही, आणि एक हात खिशात.

आता तुझे ते महागडे कंडेन्सर. त्यांनी आवाज 'खुलतो' म्हणे! जुन्या सेटचा आवाज फाटतो तो मेणकागदाचे कपलिंग कंडेन्सर गळतात म्हणून. नको तिथे डीसी जातो, आउटपुट व्हॉल्व्ह तापून मरतो. तिथे मूळ क्षमतेचाच साधा फिल्म कंडेन्सर घाल, ६३० व्होल्टचा. घरघर असेल तर इलेक्ट्रोलिटिक सुकलाय; ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचा, ताजा घे. व्होल्ट जास्त चालतात, कमी नाही. मायक्रोफॅरड मात्र वाढवू नकोस.

हे कोणत्या तोंडाने सांगतो, ते तुला माहीत नाही. बाविसाव्या वर्षी मीच अण्णांच्या रेडिओत ५० मायक्रोफॅरडच्या जागी २००चा घातला, खर्ज भरदार यावा म्हणून. ईझी ८० व्हॉल्व्हला ५०च्या वर सोसत नाही, हे वाचलंही होतं. चार दिवस झकास वाजला. पाचव्या दिवशी आत निळी चमक, जळका वास, खेळ खलास. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. नवा व्हॉल्व्ह यायला दोन महिने लागले. बातम्यांच्या वेळी ते सवयीने खुर्ची ओढायचे, मग गुपचूप परत ठेवून सुरूच्या बनाकडे बघत ओटीवर बसायचे. ती खुर्ची सरकल्याचा आवाज अजून कानात आहे.

पण माझा व्हॉल्व्हच गेला रे. तू कंडेन्सर रिकामा केला होतास का? खरं सांग.

बोललो जरा जास्तच. तू तो उघडलास याचं खरं तर बरंच वाटलं. एरवी त्यावरची धूळ कोण पुसणार होतं? चाळीस वर्षं इथली खारी हवा खाल्लेला सेट आहे, सॉकेटच्या पट्ट्या हिरव्या पडल्या असतील. आधी त्या घास. गणपतीत इकडेच घेऊन ये, मी टॉर्च धरतो.

माझा मीटर सोबत पाठवतोय, बॅटरी नवी घातलीय. शून्य आलं की फोन कर. कितीही रात्र होवो, मी जागाच असतो.

तुझा
मामा