सौंदर्याचे माप कोणाचे?

शास्त्रपाठ : गीतरत्न १:५, ६, १ शमुवेल १६:६-१३
पाठांतर : १ शमुवेल १६:७
(शब्बाथ शाळेचे मोठे वर्ग, तरुण संघ व महिला मंडळ यांच्यासाठी)

प्रस्तावना

मुलगी वयात आली की तिला आपला रंग, वजन व नाकडोळे यांची काळजी वाटू लागते, हे शब्बाथ शाळेच्या प्रत्येक शिक्षिकेला ठाऊक आहे. पूर्वी ती स्वतःची तुलना शेजारच्या मुलीशी करी. आता भोपाळच्या बाजारातील फलकांवर आणि हातातल्या मोबाइलवर दिसणाऱ्या मॉडेलशी करते. पवित्र शास्त्र याविषयी काय शिकवते, ते आपण पाहू.

१. जगाचे माप

फॅशनच्या धंद्यात बहुधा कपडा आधी तयार होतो आणि त्यात बसेल अशी मुलगी मागून निवडली जाते. ती उंच व अतिशय सडपातळ हवी असते. त्या मापात बसण्यासाठी काही जणी जेवण सोडतात. ब्राझीलची मॉडेल आना कॅरोलिना रेस्टन २००६ साली अन्न टाळण्याच्या आजाराने वारली, तेव्हा ती अवघी २१ वर्षांची होती. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन सोहळ्यात उंचीच्या मानाने फारच कमी वजन असलेल्या मॉडेलना मनाई झाली. साडेपाच फूट उंचीच्या मुलीचे वजन निदान ५१ किलोच्या आसपास हवे, असा साधारण तो हिशेब होता. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरांचा दाखला लागतो. तसेच जाहिरातीच्या छायाचित्रात तिचे अंग बारीक किंवा जाड करून दाखवले असेल, तर तसे छापावे लागते. म्हणजे जे चित्र पाहून आमच्या मुली खंतावतात, तशी मुलगी पुष्कळदा जगात नसतेच.

आपल्या देशात याला गोरेपणाची जोड मिळाली. १९७५ साली हिंदुस्थान लीव्हर कंपनीने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. सावळी मुलगी उदास आणि उजळ झाली की तिला नोकरी किंवा नवरा मिळतो, अशा जाहिराती आपण वर्षानुवर्षे पाहिल्या. सावळ्या माणसाला असे दीनवाणे दाखवू नये, असा नियम जाहिरातींच्या मानक परिषदेने २०१४ साली केला. २०२० साली त्या मलमाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले, पण आमच्या ख्रिस्ती स्थळांच्या जाहिरातींतून ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द गेले काय? डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइडची मलमे लावून कातडी पातळ व लाल करून घेतलेल्या मुली आजही दवाखान्यात येतात. हे केवळ जगाचे पाप म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

२. उन्हाने रापलेली कन्या

गीतरत्नातील तरुणी यरुशलेमेच्या कन्यांशी बोलते. तिच्या बोलण्यात तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

(अ) तिचा वर्ण उन्हातल्या कष्टाने काळवंडला आहे. ती द्राक्षमळे राखीत होती.

(आ) तिला त्या कामाला लावणारे परके नव्हते. ते तिच्या आईचेच पुत्र होते. मुलीच्या मनावर पहिला घाव बहुधा घरातच पडतो : “ताईसारखा रंग नाही हिचा.” “जरा कमी खा, नाहीतर कोण करील?”

(इ) तरीही ती आपण सुंदर असल्याचे स्वतः सांगते. पुष्कळ भाषांतरांत ‘काळी’ व ‘सुंदर’ यांच्यामध्ये ‘पण’ आहे. मूळ इब्री शब्दाचा अर्थ ‘आणि’ असाही होतो. ‘पण’ म्हटले की काळेपणा हा दोष ठरतो. ‘आणि’ म्हटले की दोन्ही गोष्टी सुखाने एकत्र राहतात. वर्गात हे दोन्ही अर्थ मुलींना अवश्य सांगावेत.

३. शमुवेलाची नजर

इशायाच्या घरी अलीयाबाला पाहताच शमुवेलाला वाटले की हाच तो. इस्राएलास उंच राजा आधीच मिळाला होता. शौल सर्व लोकांहून उंच होता (१ शमु. ९:२), तरी त्याचे पुढे काय झाले ते आपण जाणतो. देवाचा संदेष्टासुद्धा बाह्य रूपाला भुलतो, तर आपण किती जपले पाहिजे!

मात्र १२ व्या वचनात दावीदही देखणा असल्याचे सांगितले आहे. शास्त्र रूपाचा तिरस्कार करीत नाही. देवाने निवड मात्र रूपावरून केली नाही. यशया ५३:२ मधील प्रभूच्या सेवकाकडे तर लोकांनी ओढले जावे असे रूपच नव्हते, आणि त्यालाच आपण तारणारा म्हणतो.

१ पेत्र ३:३, ४ दाखवून आपण मुलींना वेण्या व दागिन्यांविषयी बोध करतो. पण सून पाहायला गेलो की रंग विचारतो. तेथे आपला बोध फुकट जातो.

४. मंडळीचे काम

आपल्याच मराठी मंडळीत याचा कित्ता आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि भुकेने खंगलेल्या शेकडो मुली-बायांना आसरा देऊन त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनाचे काम वाढवले. त्या मुलींना पोटभर जेवू घालणे, लिहायला शिकवणे, हाताला काम देणे हीच तेथील सेवा होती. आज भरल्या घरातली मुलगी आरशापायी उपाशी राहत असेल, तर तिच्या ताटाकडे लक्ष देणे हीही सेवाच आहे. तिचे वजन झपाट्याने उतरू लागले, ती जेवण चुकवू लागली, तर प्रार्थना करावीच आणि डॉक्टरांकडेही न्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात आपण मुलींची स्तुती कशाबद्दल केली? रूपाबद्दल किती वेळा आणि कामाबद्दल किती वेळा?
२. नाताळच्या नाटिकेत देवदूत व मरिया यांची कामे आपण कोणाला देतो, व का?
३. स्थळाच्या जाहिरातीत रंगाऐवजी काय लिहावे? प्रत्येकाने चार ओळी लिहून वर्गात वाचाव्यात.

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हांला पाहतोस तसे एकमेकांना पाहण्यास आम्हांला शिकव. आमच्या जिभेने दुखावलेल्या लेकींना तू बरे कर. आमेन.