पोरीचा कोर्स आणि गटाचं कर्ज

(हा पाठ मासिक बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा. शेवटी सगळ्यांनी मिळून करायचं एक काम दिलं आहे.)

मागच्या महिन्यात अमळनेर तालुक्यातल्या एका गटाची बैठक संपली. बचत जमा झाली, वह्यांवर सह्या झाल्या, पण एक ताई उठेनात. त्यांनी पदरातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "ताई, मनी पोरले हाऊ कोर्स करना शे. पैसा देवाना का नही?"

कागदावर लिहिलं होतं: मोशन ग्राफिक्स आणि व्हीएफएक्स, 3 महिने, फी 40 हजार, नोकरीची हमी. पोरगी बारावी झालेली, हुशार. बाकीच्या बायांनी विचारलं, "पण हे असतं काय?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मी समाजकार्य शिकले, कॉम्प्युटरचं हे काम नाही. मग माहिती काढली, शिकणाऱ्या मुलींशी बोलले. तेच इथे सांगते.

हे काम म्हणजे काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका येते, त्यात नावं उडत येतात, फुलं पडतात. बातम्यांत खाली नावाची पट्टी सरकते. स्थिर अक्षरं आणि चित्रं अशी हलती करणं म्हणजे मोशन ग्राफिक्स.

व्हीएफएक्स म्हणजे कॅमेऱ्यासमोर जे नव्हतं ते पडद्यावर दाखवणं. नट हिरव्या कापडापुढे उभा राहतो, नंतर कॉम्प्युटरवर तो हिरवा रंग काढून मागे किल्ला नाहीतर समुद्र बसवतात. हिरवाच का? कारण माणसाच्या कातडीच्या रंगापेक्षा तो फार वेगळा आहे, म्हणून सहज वेगळा काढता येतो.

नवीन मुलांना बहुतेक वेळा आधी कडा कापायचं काम मिळतं. माणसाच्या आकाराभोवती रेघ मारून त्याला मागच्या दृश्यापासून सुटा करायचं, आणि तेही एकेका चित्रात. तांदूळ निवडण्यासारखं हे काम आहे. अवघड नाही, पण नजर आणि चिकाटी पाहिजे.

फाळक्यांचा वाटाणा

ही विद्या परदेशातली, आपल्याला काय जमणार, असं वाटतं ना? आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके आठवा. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते सलग लावलं तेव्हा बघता बघता बी फुटून वेल वर आला. ते बघूनच पैसे लावणारा माणूस मिळाला.

या कामात सरस्वतीबाई फाळके बरोबरीने होत्या. त्या काळी कोरी फिल्म कडेला भोकं न पाडता यायची. ती भोकं अंधारात बसून पाडायचं काम त्यांनी केलं. दागिने दिले, आणि चित्रपटाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही केला. 3 मे 1913 ला मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे हे हात होते. तारामतीचं काम मात्र पुरुषाने केलं, कारण पडद्यावर यायला बाई मिळाली नाही. म्हणजे पडद्यामागचं तंत्राचं काम बाईने पहिल्यापासून केलं आहे.

तीन महिन्यांत किती येतं?

सिनेमात एका सेकंदाला 24 चित्रं लागतात. 30 सेकंदांच्या जाहिरातीला 720. कॉम्प्युटरला एक पक्कं चित्र तयार करायला 5 मिनिटं लागली असं धरा. 720 चित्रांना 60 तास, म्हणजे अडीच दिवस मशीन चालू. मध्येच वीज गेली तर? म्हणून या कामाला साधा कॉम्प्युटर पुरत नाही. 16 जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड लागतं. फीबरोबर हा खर्चही धरायला हवा.

एका महिन्यात आठ सॉफ्टवेअर शिकवतो म्हणणाऱ्या ठिकाणी फक्त तोंडओळख होते. स्वयंपाकघरातली भांडी दाखवली म्हणजे भाकरी थापता येत नाही. एक सॉफ्टवेअर निवडून रोज चार तास हात चालवला तर तीन महिन्यांत पाया होतो.

पैसे भरण्याआधी विचारा

1. प्रत्येक मुलीला स्वतंत्र कॉम्प्युटर मिळेल का? रोज किती तास?
2. कोणतं सॉफ्टवेअर? आफ्टर इफेक्ट्सला दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरावे लागतात. ब्लेंडर फुकट आहे. डाविंची रिझॉल्व्हचीही फुकट आवृत्ती मिळते.
3. मागच्या तुकडीतल्या दोन मुलींचा नंबर द्याल का? त्यांनी केलेलं काम दाखवाल का?
4. नोकरीची हमी लेखी द्याल का? कुठे, किती पगारावर?
5. मध्येच सोडलं तर फी किती परत?

पक्की पावती घ्याच. दुसऱ्या एका गटातल्या ताईंनी पूर्ण फी आधी भरली होती. पोरगी पंधरा दिवसांत आजारी पडली. कच्च्या चिठ्ठीवर एक रुपया परत आला नाही. अशी फसगत झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

खासगी क्लासआधी आपल्या जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत जाऊन या. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं. फोटो आणि व्हिडिओ शूटिंगची तुकडी कधी आहे ते विचारा.

त्या गटाने काय ठरवलं?

आधी हिशोब मांडला. 40 हजार, महिना 2 टक्के, म्हणजे पहिल्याच महिन्याचं व्याज 800 रुपये. कोर्सचे तीन महिने पोरगी कमावणार नाही. मग हप्ता कोण भरणार? आईची मजुरी. एक ताई म्हणाल्या, "पोरीच्या लग्नाला मागितले असते तर आपण एवढं विचारलं असतं का?" कोणी काही बोललं नाही.

शेवटी ठरलं: कर्ज द्यायचं, पण एकदम नाही. आधी पोरीने मोबाईलवर स्वतः काही करून दाखवावं. पुढे पैसे तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्प्याआधी केलेलं काम बैठकीत दाखवायचं. क्लासवाल्यानेही हप्त्याने फी घ्यायचं मान्य केलं.

या बैठकीत पोरगी मोबाईल घेऊन आली. गटाच्या बिबड्यांची 10 सेकंदांची जाहिरात. रिकाम्या ताटात एकेक बिबडी आपोआप येऊन बसते, शेवटी गटाचं नाव. नाव जरा वाकडं होतं. पण बायांनी तीनदा बघितली, आणि पहिल्या टप्प्याच्या ठरावावर सगळ्यांच्या सह्या झाल्या.

बैठकीत करा

जुन्या वहीच्या 24 पानांच्या कोपऱ्यात एकेक चित्र काढा. पहिल्यावर बी, पुढच्यावर कोंब, मग दोन पानं. पानं भरभर सोडा. झाड वाढताना दिसेल. पडद्यावरचा हा फक्त एक सेकंद. किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

मग बोला: आपल्या गटाने आजवर मुलींच्या शिक्षणाला किती कर्ज दिलं आणि लग्नाला किती? वही उघडून बेरीज करा.