बिअर्डेड ड्रॅगनला कोणती पालेभाजी द्यावी?

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा लहानपणी मुख्यतः किडे खातो; प्रौढाच्या आहारात मात्र पाल्याचा वाटा मोठा हवा. चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या बाजारात ‘कीरै’ (तमिळमध्ये पालेभाजी) म्हणून मिळणारी प्रत्येक जुडी त्याला मानवत नाही. पालक, माठ, राजगिरा यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. हाच पाला रोज दिल्यास हाडे ठिसूळ होतात, जबडा मऊ पडतो. क्वचित चिमूटभर चालेल. शेवग्याचा कोवळा पाला आणि जास्वंदीची पाने-फुले उत्तम. एकूण आहारात फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम असावे. पाला नीट धुऊन, बारीक चिरून सकाळी द्यावा. चेन्नईच्या दमट हवेत तो लवकर खराब होतो, म्हणून उरलेला दुपारी काढावा. कॅल्शियम शोषायला अतिनील-बी (यूव्हीबी) किरणही लागतात; त्यासाठी खिडकीच्या काचेतून आलेले ऊन पुरत नाही. थेट ऊन किंवा यूव्हीबी दिवा नसेल तर खाल्लेले कॅल्शियम नीट अंगी लागत नाही.