गिअर अडतो म्हणून पेटी उघडू नये

जुन्या जीपची चार गिअरची पेटी उतरवून तिच्या जागी बोलेरोची पाच गिअरची पेटी बसविण्याचा परिपाठ आमच्या भोर-वेल्हे भागात इतका रूढ झाला आहे की, तो का पत्करावा याची चर्चा मी येथे करीत नाही. भाताची पोती भरून वेल्ह्याहून नसरापूरला उतरणाऱ्यास आणि पुढे सातारा रस्त्यावर इंजिनाचा आक्रोश ऐकत जाणाऱ्यास ते कारण पुरते ठाऊक असते. माझी कैफियत निराळी आहे. पेटी बदलल्यानंतर गिअर पडे, पण तळहाताला खटका देऊन, अडखळत, आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना तर दांडा अर्ध्या वाटेत हटून बसे. आणि या दुखण्याचे निदान करण्याऐवजी, ज्या वर्कशॉपने ते जन्मास घातले त्यानेच त्याचे खापर माझ्या डाव्या पायावर फोडले.

प्रथम सांगण्यात आले की पेटी नवी आहे, रुळेल. ती रुळली नाही तेव्हा तेल बदलण्यात आले. तेलाने काही साधले नाही तेव्हा पेटी उतरवून सिंक्रो रिंगांचा सबंध संच नवा घातल्याचे बिल माझ्या हाती देण्यात आले, आणि जुन्या रिंगा मागितल्या असता त्या भंगारात गेल्याचे थंडपणे कळविण्यात आले. इतके होऊनही खटका जागच्या जागी राहिला, तेव्हा मालकमजकुरांनी रिकामी गाडी आपल्याच आवारातल्या सपाट सिमेंटवर एकदा फिरवून आणली आणि जॉबकार्डावर शेरा मारला : ‘गिअरबॉक्स ठीक. चालकाची सवय.’ भर पावसात वरंधा घाटात दरडीचा चिखल तुडवीत ज्याने गाडी सुखरूप खाली आणली आहे, त्याच्या सवयीविषयी हा अभिप्राय, आणि तोही अशा माणसाचा, ज्याने हिर्डोशीच्या पलीकडचा रस्ता पाहिला असेल की नाही याची मला शंका आहे!

मला उलगडा झाला तो पाबे घाटात. पुढे दुधाचा टेंपो वळणावर बंद पडला होता, म्हणून हातब्रेक ओढून, मागच्या चाकाखाली दगड सरकवून मी इंजिन बंद केले, आणि बसल्या बसल्या, काही हेतू मनात नसताना, गिअरचा दांडा हलवू लागलो. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा, चौथा, पाचवा आणि मागचाही. खटका नाही, अडखळ नाही, लोण्यातून सुरी फिरावी तसा दांडा फिरला. टेंपो हलल्यावर इंजिन चालू केले, क्लच अगदी तळापर्यंत दाबून थोडा वेळ तसाच धरला आणि मागचा गिअर घालून पाहिला, तो करकर असा कर्कश आवाज झाला. त्या आवाजाने जे सांगितले ते एवढ्या बिलांनी सांगितले नव्हते. इंजिन बंद असता जी पेटी निर्दोष वागते आणि चालू होताच कुरकुरते, तिच्यात दोष नसून क्लच दाबल्यावरही इंजिनाची गती तिच्यापर्यंत पोचते आहे, हे समजण्यास फार मोठ्या यंत्रविद्येची गरज नाही.

सिंक्रो रिंगचे काम फार नाजूक असते. ती पितळी रिंग गिअरच्या कोनावर घासून त्याची गती शेजारच्या भागाच्या गतीशी जुळवून घेते, आणि मगच दात एकमेकांत बसू देते. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत ही युक्ती प्रथम आली. त्यापूर्वी, आणि आपल्याकडे त्यानंतरही पुष्कळ वर्षे, चालक डबल क्लच मारून केवळ कानाच्या आधारे गती जुळवीत, आणि जुन्या विलिस जीपच्या तीन गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हताच. पण रिंग जुळवू शकते ती सुट्या फिरणाऱ्या शाफ्टची गती. तो शाफ्ट इंजिनाने धरून ठेवला असेल, तर बिचारी रिंग सबंध इंजिनाशी झुंजते, हरते आणि झिजते. म्हणजे नव्या रिंगा घालून घेणाऱ्याने आपले पैसे त्या झुंजीत ओतलेले असतात.

भोरला मी ज्या वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली, त्यांनी पेटीला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी क्लचचे पेडल दोनदा झपाट्याने मारून मग गिअर घालून पाहिला, आणि फरक पडत नाही असे दिसताच म्हणाले, “गुरुजी, पेटीला कशापायी दोष देताय? शाफ्ट थांबतच न्हाय, तर गिअर पडंल कसा?” पेडल दोनदा मारल्याने गिअर सुधारला असता, तर क्लचच्या तेलात हवा शिरली आहे किंवा सिलिंडरची मजल अपुरी पडते आहे असे समजावे, सुधारला नाही, तेव्हा दोष त्यापुढे, क्लच प्लेटपाशी किंवा पायलट बेअरिंगपाशी शोधावा, हा त्यांचा न्याय. पेटी मागे ओढल्यावर त्यांनी इनपुट शाफ्टचे नाक मला बोटाने दाखविले : त्यावर तापून निळसर झाक आली होती आणि पितळ फासल्यासारखे चिकटले होते. फ्लायव्हीलच्या मध्यात योग्य मापाचे बेअरिंग न घालता कोणीतरी लेथवर वळविलेला पितळी बुश ठोकून बसविला होता, आणि तो शाफ्टवर इतका घट्ट होता की प्लेट सुटली तरी शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राही. शिवाय इंजिन आणि पेटी यांना जोडणाऱ्या बेल हाउसिंगची, मध्य जुळविणारी एक डॉवेल पिन जागेवर नव्हती. ती वर्कशॉपात कोठल्या तरी डब्यात अजून पडली असेल.

ज्यांना पेटी बदलावयाची आहे त्यांनी म्हणून एवढी ताकीद ध्यानात ठेवावी. खटका सर्व गिअरांत असेल तर आधी क्लच, मग तेल. एकाच गिअरात असेल तर त्या गिअरची रिंग. आणि इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल तर दांड्याचा बुश किंवा वरचे सिलेक्टर तपासावे. बंद गाडीत एखादा गिअर अर्ध्यावर थांबला तर गाडी किंचित पुढेमागे ढकलावी. दातावर दात आलेला असतो, तो दोष नव्हे. सकाळी थंडीत जड आणि गाडी तापल्यावर हलका असा गिअर असेल तर संशय तेलाच्या घट्टपणावर घ्यावा. आणि तेलाच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर न जाता पेटीच्या पुस्तिकेत जी.एल.-४ लिहिले असेल तर जी.एल.-४च घालावे, मागच्या डिफरन्शियलसाठी असलेले जी.एल.-५ हे ‘वरच्या दर्जाचे’ म्हणून खपविले जाते, पण त्यातील द्रव्ये दातांना जपताना रिंगला हवे असलेले घर्षणच हिरावून घेऊ शकतात.

बेल हाउसिंग दुसऱ्या गाडीचे असेल किंवा मध्ये अॅडॅप्टर प्लेट घातली असेल, तर फ्लायव्हीलवर डायल गेज लावून हाउसिंगचे भोक इंजिनाच्या मध्याशी जुळते का, हे आपल्या डोळ्यांदेखत मोजून घ्यावे. मध्य सामान्यतः पाच थाऊहून, म्हणजे इंचाच्या पाच सहस्रांशांहून, अधिक सरकलेला नसावा, आणि गेजचा काटा सबंध फेऱ्यात सरकलेल्या अंतराच्या दुप्पट दाखवितो, हे मोजणाऱ्याला माहीत आहे की नाही याचीही खातरजमा करावी. ‘आम्ही नेहमी असेच बसवितो’ हे उत्तर मोजमाप नव्हे. मला तेच मिळाले होते.

काढलेला प्रत्येक भाग आणि जॉबकार्डाची प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्यावी. सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे फिर्याद करण्यास दोन वर्षांची मुदत असते, पण भंगारात गेलेली रिंग तेथे साक्ष देत नाही. मी अद्याप फिर्याद केलेली नाही. वर्कशॉपला रजिस्टर टपालाने लेखी अर्ज मात्र पाठविला आहे, त्यासोबत त्या पितळी बुशाचे छायाचित्र जोडले आहे, आणि रिंगांचे पैसे परत मागितले आहेत. ते देणे त्यांना जड वाटत असेल तर निदान ‘चालकाची सवय’ हा शेरा खोडून, त्याखाली सही करून, जॉबकार्डाची नवी प्रत मला द्यावी, असे शेवटच्या कलमात लिहिले आहे. पोचपावती आली आहे. जबाब आलेला नाही.