भावना पेलायला शिकता येतं

प्रश्न : माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. साध्या बोलण्यावरून तिचा राग अनावर होतो, मग ती स्वतःलाच इजा करते. डॉक्टरांनी ‘डीबीटी’ सुचवली. ती काय असते?
– एक आई, इब्रामपूर (पेडणे)

उत्तर : ताई, हे नाटक नव्हे, तिची वेदना खरी आहे. अशा तीव्र भावनांसाठीच अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ म्हणजेच डीबीटी ही उपचारपद्धती घडवली. या पद्धतीचं मूळ पुस्तक १९९३ मध्ये आलं. यात चार कौशल्यं शिकवतात : सजगता, कठीण क्षण इजा न करता निभावणं, भावनांचं नियमन आणि नातं राखून आपलं म्हणणं मांडणं. वैयक्तिक सत्रं आणि गटवर्ग मिळून उपचार सहसा वर्षभर चालतात.

घरी राग उसळला की उपदेश टाळा. ‘तुला फार लागलं ना?’ एवढंच म्हणा, सावकाश श्वास सोडायला सांगा. चर्चा ती शांत झाल्यावर. धारदार वस्तू, औषधं हाताशी ठेवू नका.

बांबोळीच्या ‘आयपीएचबी’ या सरकारी मनोरुग्णालयात चौकशी करा. थेरपिस्टने डीबीटीचं प्रशिक्षण घेतलंय का, तेही विचारा. ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन अहोरात्र, मोफत आहे. जिवाला धोका वाटला, तर तिला एकटं न सोडता लगेच १०८ला फोन करा.