संतांचा दिवस, घरचा सण

मुलांनो, वाई हे कृष्णा नदीच्या काठावरचे जुने गाव आहे. नदीला ओळीने घाट बांधलेले आहेत. हिवाळा संपत आला की या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. एका घाटाचा उत्सव आटोपला की पुढच्या घाटाची पाळी येते. परगावी गेलेली माणसे त्या दिवशी घरी येतात. पंगती बसतात. तुमच्या गावात जत्रा भरत असेल किंवा एखाद्या दर्ग्याचा उरूस होत असेल, तर तेव्हाही असेच होते. घर पाहुण्यांनी भरून जाते.

कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबांतही असे दिवस असतात. ते दिवस संतांचे असतात. नाताळ तुम्हांला माहीत आहे. पण या दिवसांची माहिती फार थोड्यांना असते. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

संताचा दिवस कोणता मानायचा? आपण आपला वाढदिवस जन्माच्या तारखेला साजरा करतो. संतांचे तसे नाही. संताचा मृत्यू ज्या दिवशी झाला, तोच दिवस बहुधा त्याचा सण असतो. हे ऐकून नवल वाटेल. मृत्यूच्या दिवशी आनंद कसा करायचा? याचे उत्तर तुमच्या ओळखीच्या एका शब्दात आहे. 'उरूस' हा शब्द अरबी 'उर्स'वरून आला. त्याचा मूळ अर्थ विवाह असा आहे. वली देह सोडून आपल्या प्रिय ईश्वराला भेटला, म्हणून तो दिवस मीलनाचा मानतात. कॅथलिक लोकही असेच म्हणतात. संत त्या दिवशी स्वर्गात जन्मला, असे ते मानतात. मराठीत आपण थोर माणसांची पुण्यतिथी पाळतो. शब्द तीन, पण त्यांमागची भावना जवळजवळ एकच आहे.

या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत. दोन संतांचा जन्मदिवसही साजरा होतो. एक म्हणजे येशूची आई मरिया. दुसरे संत योहान. तुम्ही त्यांना हजरत मरियम आणि हजरत याह्या या नावांनी ओळखता. मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला येतो. त्यानंतरच्या रविवारपासून मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीची जत्रा भरते. या जत्रेला सर्व धर्मांचे लोक जातात. कोणी मेणाचा हात, कोणी मेणाचा पाय, तर कोणी मेणाचे घर वाहतो. ज्याचे जे दुखणे किंवा मागणे, त्याची तशी आकृती.

संत योहानाचा जन्मदिवस २४ जूनला येतो. तेव्हा गोव्यात पाऊस चांगला लागलेला असतो. विहिरी भरू लागतात. त्या दिवसाला गोव्यात 'सांजांव' म्हणतात. मुले आणि तरुण डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालतात आणि विहिरीत उड्या मारतात. उडी का मारायची? बायबलात एक प्रसंग आहे. मरिया आपल्या नात्यातील एलिशिबेला भेटायला गेली. तिचा आवाज ऐकताच एलिशिबेच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. ते बाळ म्हणजे योहान. गोव्यातली मुले त्या उडीची आठवण ठेवतात. नव्या जावयाला या दिवशी सासुरवाडीला बोलावून त्याचे कौतुक करतात. असा हा एका संताचा दिवस साऱ्या कुटुंबाचा होतो.

मोठ्या सणाची तयारी नऊ दिवस आधी सुरू होते. या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला 'नोव्हेना' म्हणतात. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला असतो. ते १५५२ साली याच तारखेला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर मरण पावले. त्यांच्या सणाची नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते. दूरदूरचे लोक पायी चालत येतात. आषाढीला पंढरीची वाट जशी माणसांनी फुलते, तसेच येथेही दिसते. सणाच्या दिवशी सगळे मिळून चर्चमध्ये जातात. तेथील मुख्य उपासनेला 'मिस्सा' म्हणतात. मग घरी गोडधोड होते. १५ ऑगस्ट हा आपला स्वातंत्र्यदिन. त्याच दिवशी मरियेचा आणखी एक सण येतो. त्या दिवशी गोव्यातील कॅथलिक घरांत हळदीच्या पानात गूळखोबरे भरून पातोळ्या करतात. कोकणातील हिंदू घरांत नागपंचमीला हाच पदार्थ होतो. पान तेच, वाफ तीच, वासही तोच!

इतर देशांतही संतांचे दिवस घरोघरी पाळतात. पोलंडमध्ये ज्याचे नाव संताचे, तो त्या संताच्या दिवशी स्वतःचा 'नामदिन' साजरा करतो. हॉलंडमधील मुले संत निकोलसाच्या सणाआधी रात्री आपले बूट मांडून ठेवतात. सकाळी त्यांत खाऊ सापडतो. संत अंतोनी यांचा दिवस १३ जूनला असतो. त्यांच्या नावाने गरिबांना पाव वाटण्याची पद्धत अनेक देशांत आहे.

आता आपल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या एका संताची गोष्ट ऐका. त्यांचे नाव गोन्सालो गार्सिया. सुमारे १५५७ साली वसईत त्यांचा जन्म झाला. तेव्हा वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई वसईकडची होती. लहानपणी ते जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंकडे शिकले. पुढे त्यांच्याबरोबर ते जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा शिकून घेतली. ते लोकांत मिसळले आणि धर्माची शिकवण देऊ लागले. जेझुइट पंथात प्रवेश मिळावा, अशी त्यांची फार इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला. व्यापारात जम बसला, पण मन रमले नाही. फिलिपाईन्समधील मनिला शहरात ते फ्रान्सिस्कन पंथात सामील झाले. तेथे ते धर्मगुरू नव्हते, साधे धर्मबंधू होते.

१५९३ साली मनिलाहून काही फ्रान्सिस्कन जपानला निघाले. त्यांना जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याशी बोलायचे होते. पण जपानी कोणाला येत होते? वसईच्या गोन्सालोंना! ते दुभाषे म्हणून गेले. या लोकांनी तेथे गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. काही वर्षांनी वारे फिरले. परदेशी धर्मगुरूंविषयी हिदेयोशींचा संशय वाढला. १५९६ च्या अखेरीस त्यांना पकडण्यात आले. एकूण २६ जणांना कडाक्याच्या थंडीत नागासाकीपर्यंत नेण्यात आले. त्यांत बहुतेक जपानी होते आणि काही तर मुले होती. सर्वांत लहान मुलाचे वय सुमारे बारा वर्षांचे होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्या सर्वांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांनी आपली श्रद्धा सोडली नाही.

१६२७ साली रोमने त्यांना 'धन्य' म्हणून गौरवले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. म्हणजे मृत्यूनंतर २६५ वर्षांनी! भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत होत. ५ फेब्रुवारीला दुसऱ्या एका संतांचा सण असल्यामुळे या २६ जणांचे स्मरण ६ फेब्रुवारीला करतात. वसईजवळच्या गास गावी त्यांच्या नावाचे चर्च आहे. वसईतील एका महाविद्यालयालाही त्यांचे नाव दिलेले आहे.

वसईतील कॅथलिक लोक घरी मराठीच बोलतात. कोणी वाडवळी बोलतो, कोणी सामवेदी, कोणी कोळी. पण या सगळ्या मराठीच्याच बोली आहेत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे मराठीचे नामवंत लेखक होते. २०२० साली उस्मानाबाद येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याआधी चारशे वर्षे, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापले गेले. ते मूळचे इंग्लंडचे; पण त्यांनी येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली.

आता वाईचा विचार करा. येथे वसईसारखी मोठी कॅथलिक वस्ती नाही. वाईत ख्रिस्ती म्हटले की लोकांना मिशन हॉस्पिटल आठवते. ते अमेरिकन मराठी मिशनने सुरू केले. हे मिशन प्रॉटेस्टंट पंथाचे होते. प्रॉटेस्टंट लोक संतांकडे विनवणी करत नाहीत आणि सहसा त्यांचे सणही पाळत नाहीत. मुसलमानांतही सर्वजण उरूस पाळत नाहीत, हे तुम्हांला माहीत आहे. एका धर्मातही अशी वेगवेगळी मते असतात. कॅथलिक लोकही संताला देव मानत नाहीत. 'तू देवाच्या जवळ आहेस, आमच्यासाठी प्रार्थना कर,' एवढेच ते संताला सांगतात.

समजा, नोकरीनिमित्त एखादे कॅथलिक कुटुंब वाईसारख्या गावात राहायला आले. शेजारी त्यांच्या धर्माचे कोणी नाही. मिरवणूक नाही, बँड नाही, जत्रा नाही. मग ६ फेब्रुवारीचा दिवस कसा साजरा होणार? मोठा खर्च करता येत नसेल, तरी एक मेणबत्ती लावता येते. घरातील सर्वांनी एकत्र प्रार्थना करता येते. गोडाचे चार घास शेजारी देता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजीला किंवा आईला मुलांना गोन्सालोंची गोष्ट सांगता येते. गोष्ट सांगितली नाही, तर काही वर्षांनी त्या दिवसाचे नुसते जेवण उरते. पुढे तेही राहत नाही. मिरवणूक बंद पडली म्हणून सण संपत नाही. घरातले सांगणे थांबले की संपतो. ही गोष्ट सर्वच धर्मांच्या घरांना लागू आहे.

अशा घरातून तुमच्याकडे कधी ताट आले, तर त्यांना जरूर विचारा, 'आज कोणाचा दिवस आहे?' तुमच्या ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडे गेला, तर त्यांनाही तुमच्या सणाची गोष्ट सांगा. ती मराठीत सांगा. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. वसईचा एक मुलगा परक्या देशात गेला आणि तेथील लोकांची भाषा शिकला, म्हणून दोन देशांच्या माणसांना एकमेकांशी बोलता आले. तुम्हांला तर एवढे दूर जायचे नाही. फक्त शेजारच्या दारापर्यंत जायचे आहे.

शब्दार्थ
मीलन – भेट, एकत्र येणे
वाहणे – देवाला अर्पण करणे
पंथ – एकाच धर्मातील वेगळा गट
दुभाषा – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा
वारे फिरणे – परिस्थिती बदलणे
जम बसणे – काम नीट चालू लागणे
विनवणी – नम्रपणे केलेली मागणी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'उर्स' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) गोन्सालो गार्सिया यांचा जन्म कोठे झाला?
(इ) 'ख्रिस्तपुराण' केव्हा छापले गेले?
२. कारणे सांगा.
(अ) सांजांवच्या दिवशी मुले विहिरीत उड्या मारतात.
(आ) नागासाकीच्या २६ जणांचे स्मरण ६ फेब्रुवारीला करतात.
३. तुमच्या घरात दरवर्षी कोणाची आठवण ठेवली जाते? त्यांची गोष्ट घरातील मोठ्या माणसांकडून ऐका आणि आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.