विहीर आणि शोषखड्डा एकाच जमिनीत

किनाऱ्यावरच्या गावांचा कारभार इतकी वर्षं पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे: पाणी आणि सांडपाणी यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला, की दोन्ही हातची जातात. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात पुळणीलगतच्या विहिरी मचूळ होतात. तिथलं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. त्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर खाली ढोबळमानाने ४० मीटरपर्यंत ते टिकतं. म्हणजे सतत पंप चालवून पातळी वीतभर उतरवली, तरी खालचं खारं पाणी कालांतराने कित्येक मीटर वर चढतं. ‘एवढा पाऊस पडतो, पाण्याची कसली काळजी?’ असं म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी समजून घ्यावं.

‘आता नळ आला, विहिरीचं काय घेऊन बसलात?’ असंही विचारलं जातं. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी आलं, तर त्यातलं सुमारे २२० लिटर सांडपाणी होऊन परत जमिनीतच जातं, कारण गटार योजना बहुतेक गावांत नाही. वाळू आणि भेगाळलेला जांभा ते फारसं गाळत नाहीत. शिवाय नळाचं पाणीही पुष्कळ ठिकाणी गावातल्याच विहिरीतून येतं. त्यातले जंतू उकळून मरतात. नायट्रेट मात्र उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं, आणि ते ना वासाला कळतं ना चवीला. जंतूंची चाचणी तरी गावातच करता येते: या चाचणीसाठी मिळणाऱ्या, रसायन असलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं, दूषित असेल तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. ही बाटली एकदा ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठेवावी.

पैशांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण वेंगुर्ला नगर परिषदेने कचरा घरोघरी वेगळा करून घेण्यावर भर दिला आणि कचरा डेपोच्या जागी लोक पाहायला येतील असं ठिकाण उभं केलं. ते शहर लहान आहे, मोठ्या महापालिकेची तिजोरी त्याच्यामागे नव्हती. ग्रामपंचायतीने पाणीपट्टीबरोबरच सांडपाण्याचा खर्चही मांडावा. नवं शौचालय दोन खड्ड्यांचं असावं आणि विहिरीपासून शक्य तितकं लांब, उताराच्या बाजूला असावं. होमस्टेला ना-हरकत दाखला देण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: सेप्टिक टँक उपसल्यावर टँकर मैला कुठे रिकामा करणार, आणि त्यांचा पंप कोणाच्या विहिरीशेजारी बसणार. पाण्याचे नमुने मे महिन्यात तपासावेत आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा, कारण खड्ड्यातली घाण विहिरीत उतरण्याची भीती तेव्हाच सगळ्यात जास्त असते.